महाविद्यालयीन क्रीडा प्रशिक्षकाची कारकीर्द कशी लिहून काढावी : बेळगाव सीमाभागातील लेखकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी परिसरातल्या एखाद्या महाविद्यालयातून क्रीडा संचालक निवृत्त झाले की माजी विद्यार्थी एकत्र येतात, सत्कार समिती स्थापन होते, शाल-श्रीफळ दिले जाते आणि एक गौरव अंक निघतो. त्या अंकात सरांच्या शिस्तीवर, साधेपणावर आणि प्रेमळ स्वभावावर भरपूर लेख असतात. पण ते सगळे वाचून झाले तरी त्यांचा कबड्डी संघ विद्यापीठात पहिल्यांदा कोणत्या वर्षी जिंकला, अंतिम सामना कोणाशी झाला, कर्णधार कोण होता आणि तो पुढे काय करू लागला, यातले काहीही कळत नाही. लिहिणाऱ्यांच्या भावना खऱ्या असतात, कारकीर्द मात्र नोंदायची राहून जाते. आयुष्यभर पहाटे मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या कामाचा असा मागमूस न उरणे ही आपल्या भागाची मोठी हानी आहे, आणि सर हयात असतानाच हे काम हाती घेतले तर ती पुष्कळशी टाळता येते. ते काम कसे करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि त्यात कोणत्या जागी पाय घसरतो, हे पुढे सांगितले आहे.

या कामासाठी नमुना शोधायचा झाला तर तो अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सापडतो. तिथले फुटबॉल म्हणजे बेळगावच्या लेले मैदानावर पायाने खेळला जातो तो खेळ नव्हे. त्यात अकरा-अकरा खेळाडूंचे संघ लांबट आकाराचा चेंडू हातात घेऊन किंवा फेकून शंभर यार्डांच्या मैदानात पुढे नेतात आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी त्यांना चार प्रयत्न मिळतात. खेळ आपल्याला परका असला तरी तिथल्या प्रशिक्षकांची कारकीर्द ज्या पद्धतीने नोंदली जाते ती पद्धत आपल्याला जशीच्या तशी उपयोगी पडते. तिथे कोणत्याही नामांकित प्रशिक्षकाबद्दल पहिली गोष्ट सांगितली जाते ती म्हणजे तीन आकडे : जिंकलेले सामने, हरलेले सामने आणि अनिर्णित सामने. पॉल ब्रायंट यांचे आकडे ३२३-८५-१७ असे आहेत. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, ते चार विद्यापीठांत विभागलेले आहेत. मेरीलँडमध्ये १९४५ च्या एका हंगामात ६-२-१, केंटकीत १९४६ ते १९५३ या काळात ६०-२३-५, टेक्सास ए अँड एममध्ये १९५४ ते १९५७ या काळात २५-१४-२ आणि अलाबामात १९५८ ते १९८२ या काळात २३२-४६-९. कोणीही कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करून पाहावी, ती जुळते. ज्या चरित्रातली बेरीज वाचकाला तपासता येते त्या चरित्रातल्या इतर गोष्टींवरही वाचक विश्वास ठेवतो.

आधी तक्ता

म्हणून पहिली सूचना अशी की आठवणी गोळा करण्यापूर्वी तक्ता तयार करावा. सरांनी ज्या वर्षी नोकरी धरली त्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक वर्षाला एक ओळ द्यावी, आणि ज्या वर्षाची काहीच माहिती नाही त्या वर्षाची ओळही रिकामी का होईना पण ठेवावी. आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या स्थितीत एक महत्त्वाचा फरक आहे, तो इथे लक्षात घ्यावा लागतो. तिथला मुख्य प्रशिक्षक एकच खेळ पाहतो आणि त्याच्या हाताखाली आक्रमणाचा, बचावाचा आणि एकेका जागेवरच्या खेळाडूंचा असे अनेक सहायक असतात. आपल्याकडे एकच माणूस कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी स्पर्धा असे सगळे पाहतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी फक्कीने मैदानही तोच आखतो आणि दुसऱ्या दिवशी प्रवासभत्त्याच्या पावत्याही तोच सांभाळतो. त्यामुळे आपला तक्ता एका खेळाचा करून चालत नाही. प्रत्येक वर्षाखाली खेळ, मुलांचा संघ की मुलींचा, स्पर्धा कोणत्या पातळीवरची, यजमान महाविद्यालय कोणते, अंतिम निकाल, शेवटच्या सामन्यातील प्रतिस्पर्धी, कर्णधाराचे नाव आणि विद्यापीठ संघात निवडले गेलेले खेळाडू एवढे रकाने हवेत. याशिवाय सगळ्यात शेवटी एक रकाना हवाच हवा, तो म्हणजे आधार. ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली किंवा कोणाच्या तोंडून ऐकली, हे त्या रकान्यात त्याच दिवशी लिहावे. नंतर लिहू म्हटले की ते राहतेच.

वर्ष लिहिताना नेहमी शैक्षणिक वर्ष लिहावे. विद्यापीठीय स्पर्धा पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या वर्षात जातात, त्यामुळे कोणी ‘आम्ही १९८५ मध्ये जिंकलो’ असे सांगितले तर ते १९८४-८५ असू शकते किंवा १९८५-८६ असू शकते आणि तेवढ्यावरून एकच विजेतेपद तक्त्यात दोनदा चढते. अमेरिकेतही हंगाम शरद ऋतूत होतो आणि मोठे अंतिम सामने नववर्षाच्या सुमारास होतात. १ जानेवारी १९७९ रोजी ब्रायंट यांच्या अलाबामाने प्रशिक्षक ‘जो’ पेटर्नो यांच्या पेन स्टेट विद्यापीठाला १४-७ असे हरवले, पण तो विजय १९७८ च्या हंगामात मोजला जातो. आपणही हाच नियम पाळावा.

अनिर्णित सामन्यांचे काय करायचे हेही आधीच ठरवावे लागते. तिथे टक्केवारी काढताना अनिर्णित सामना अर्धा विजय धरतात : ब्रायंट यांचे एकूण सामने ४२५, विजय ३२३ आणि सतरांचा अर्धा साडेआठ, म्हणजे ३३१.५ भागिले ४२५, उत्तर बरोबर ७८ टक्के. नोट्र डेम विद्यापीठाचे प्रशिक्षक क्नूट रॉक्नी यांचे आकडे १०५-१२-५ आहेत, त्यांची टक्केवारी ८८ च्या वर जाते. १९९६ च्या हंगामापासून वरच्या विभागात जादा वेळेचा नियम आला आणि सामना अनिर्णित राहणेच बंद झाले, त्यामुळे त्यानंतरच्या प्रशिक्षकांच्या नावापुढे तिसरा आकडा दिसत नाही. आपल्या भागातही कबड्डी मातीवरून मॅटवर आली आणि संघाची बांधणीच बदलली. नियम किंवा मैदान ज्या वर्षी बदलले त्या वर्षाखाली तक्त्यात एक जाड रेघ ओढावी, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करताना लेखक आणि वाचक दोघेही सावध राहतात.

रिकाम्या ओळींची लाज वाटू देऊ नये. लुइझियाना राज्यातील ग्रॅम्बलिंग महाविद्यालयात एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ असे प्रशिक्षण केले आणि ४०८ सामने जिंकले, पण त्यांच्या तक्त्यात १९४३ आणि १९४४ ही वर्षे कोरी आहेत, कारण महायुद्धामुळे संघच उतरला नव्हता. कोऱ्या जागेचे कारण लिहिले की तीही कारकिर्दीचा भाग होते. आपल्याकडे एखाद्या वर्षी महाविद्यालयाने पैसे दिले नसतील, मैदानावर नवी इमारत उभी राहिली असेल किंवा आंदोलनामुळे परीक्षा पुढे गेल्या असतील. ते कारण शोधणे हे विजेतेपद शोधण्याइतकेच मोलाचे आहे.

कागद कुठे मिळतात

सीमाभागात हे काम इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण कागद एका जागी नाहीत. बेळगावची महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्यांचा कारभार धारवाडकडे गेला आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यावर तो बेळगावात आला. अभियांत्रिकी महाविद्यालये १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडे आहेत. त्यामुळे १९७० च्या सुमारास नोकरीला लागून २००५ च्या सुमारास निवृत्त झालेल्या सरांचे सर्व विद्यापीठीय निकाल धारवाडला शोधावे लागतील, तर २०१५ मध्ये निवृत्त झालेल्यांचे दोन ठिकाणी. निपाणीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे तिथे शिकणारा निपाणीचा मुलगा आंतरविद्यापीठ स्पर्धेत पश्चिम विभागातून खेळतो, आणि त्याचाच शेजारी बेळगावच्या महाविद्यालयात गेला तर दक्षिण विभागातून खेळतो. एका गावच्या दोन खेळाडूंची नोंद दोन राज्यांत आणि दोन विभागांत असते, हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगले खेळाडू यादीतून गळतात.

सर्वात मोठा खजिना महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात असतो. बहुतेक जुन्या महाविद्यालयांच्या वार्षिक अंकात, ज्याला पुष्कळजण ‘मिसेलनी’ म्हणतात, शेवटी जिमखाना अहवाल छापलेला असतो. तो लहान टाइपात, घाईत लिहिलेला आणि कंटाळवाणा वाटतो, परंतु तो त्याच वर्षी, त्याच माणसांनी, निकाल डोळ्यांसमोर असताना लिहिलेला असतो, म्हणून निवृत्तीच्या वेळी सांगितलेल्या कोणत्याही आठवणीपेक्षा त्याचे वजन जास्त धरावे. ग्रंथालयात हे अंक सलग मिळत नाहीत. मधले अंक माजी प्राचार्यांच्या, संपादक मंडळातल्या प्राध्यापकांच्या किंवा त्या वर्षीच्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या घरी सापडतात. अहवाल वाचताना एक सावधगिरी अशी की ‘आमच्या संघाने चमकदार कामगिरी केली’ असे मोघम वाक्य आले की बहुधा संघ लवकर बाद झालेला असतो. त्या वर्षीचा निकाल अन्य ठिकाणाहून मिळेपर्यंत रकाना भरू नये.

दुसरा आधार क्रीडा विभागाच्या कपाटातला. तिथे पात्रता अर्जांच्या प्रती असतात, ज्यांवर प्रत्येक खेळाडूचे नाव, जन्मतारीख, वर्ग, फोटो आणि प्राचार्यांची सही असते. स्पर्धेचा निकाल त्यावर नसतो, पण संघात नेमके कोण होते हे त्यावरूनच सिद्ध होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूला शोधून काढण्यासाठी गावाचे नाव याच अर्जावर सापडते. भाग्यपत्रिका (कोणाचा सामना कोणाशी हे दाखवणारे तक्ते), गुणपत्रके आणि प्रवासभत्त्याची बिले जिथे उरली असतील तिथे ती रद्दीत जाण्यापूर्वी मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवावीत. मात्र जन्मतारखा आणि पत्ते असलेले कागद आपल्यापुरते ठेवावेत, ते छापू नयेत.

वर्तमानपत्रांमध्ये बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेल्या ‘तरुण भारत’च्या जुन्या फायली प्रथम पाहाव्यात. तक्त्यात महिना ठाऊक असेल तर फायली चाळणे आवाक्यातले होते, नाही तर माणूस थकून जातो. तक्ता आधी का हवा याचे हेही एक कारण आहे. कन्नड वर्तमानपत्रेही सोडू नयेत. धारवाड आणि हुबळीकडे झालेल्या स्पर्धांची बातमी तिथे सविस्तर येते, आणि ज्यांना कन्नड लिपी वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या किंवा मित्राच्या मुलाला सोबत घ्यावे. महाविद्यालयाच्या कार्यालयातले आदेश, बदलीचे पत्र आणि सेवापुस्तकातील नोंदी यांतही कन्नड मजकूर येतो. तो कोणाकडून तरी अंदाजाने समजून घेण्यापेक्षा ओळ न् ओळ वाचून घेऊन, मूळ शब्दांसह वहीत उतरवावा.

प्रमाणपत्रावर तारीख नसेल किंवा शाई उडाली असेल तर त्यावरचे राज्याचे आणि शहराचे नाव काळ सांगते. सरांच्या भिंतीवर टांगलेले एखादे जुने प्रमाणपत्र चौकटीतून काढून उजेडात धरावे. मथळ्यात बेळगावच्या उल्लेखासोबत मुंबई राज्य असेल तर ते १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचे आहे, म्हैसूर राज्य असेल तर ते तेव्हापासून १९७३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंतचे, आणि कर्नाटक राज्य असेल तर त्यानंतरचे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, म्हणून इंग्रजीत ‘बेळगावी’ छापलेले सरकारी प्रमाणपत्र १९९८ चे आहे असे कोणी सांगू लागल्यास ती नंतर काढलेली दुय्यम प्रत समजावी. चौकट उघडलीच आहे तर मागची बाजूही पाहावी. फ्रेम बनवणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली खेळाडूंची नावे किंवा दुमडून ठेवलेले बातमीचे कात्रण पुष्कळदा तिथेच असते.

एक घोळ मात्र नेहमी होतो. आपल्याकडे अनेक संस्थांमध्ये पदवीपूर्व (अकरावी-बारावीचे) आणि पदवी महाविद्यालय एकाच आवारात असते आणि दोन्हींचे खेळाडू एकाच मैदानावर, एकाच सरांकडे सराव करतात. पदवीपूर्व गटाच्या स्पर्धा मात्र राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत तालुका, जिल्हा आणि राज्य या पातळीवर होतात, त्यांचा विद्यापीठाशी संबंध नसतो. गौरव अंकांत ही दोन्ही विजेतेपदे एकत्र मोजली जातात. ती वेगळ्या तक्त्यांत ठेवावीत. सरांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही, उलट दोन पातळ्यांवर काम केल्याचे स्पष्ट दिसते.

सरांनी स्वतःचे शिक्षण कुठे घेतले हेही कागदावरून नक्की करावे. जुन्या पिढीतले शिक्षक मुंबईच्या कांदिवली येथील १९३८ साली सुरू झालेल्या शारीरिक शिक्षण संस्थेतून, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून किंवा मद्रासच्या वायएमसीए महाविद्यालयातून आलेले असत, आणि नंतरच्या काहींनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम केला. काहींचे पहिले शिक्षण मात्र गावच्या तालमीत वस्तादांच्या हाताखाली झालेले असते आणि पदवी नंतर येते. मला हा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण सराव घेण्याची पद्धत माणूस बहुधा जिथे शिकला तिथूनच आणतो.

माणसांशी बोलताना

तक्ता अर्धा भरल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नये. हातात काहीच नसताना ‘सर, तुमच्या कारकिर्दीबद्दल सांगा’ असे विचारले की सर विनयाने ‘आमचे काय, मुलांनी केले सगळे’ असे म्हणतात आणि चहा येतो. त्याऐवजी एका वर्षाचा संघाचा फोटो समोर ठेवून डावीकडून एकेक नाव विचारावे. फोटोत पुढे ठेवलेल्या पाटीवर वर्ष आणि स्पर्धेचे नाव असते, पण मागे उभ्या असलेल्यांची नावे कुठेच नसतात; तो मैदान सांभाळणारा शिपाई, तो पाणी आणणारा विद्यार्थी, तो शेवटच्या क्षणी जखमी होऊन साध्या कपड्यात उभा राहिलेला खेळाडू ही नावे सरांनाच ठाऊक असतात. प्रश्न ठोस असावेत. सकाळी सराव किती वाजता सुरू होई, उसाच्या तोडीच्या किंवा भात कापणीच्या दिवसांत गावाकडची मुले कशी थांबवून धरली जात, धारवाडला जाताना जेवणाची सोय काय असे, मुलींच्या संघासोबत कोण जाई आणि पालकांची समजूत कोण घाली, हे विचारले की माणूस बोलू लागतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा सरांच्या पत्नींकडे असते, आणि त्यांची वेगळी मुलाखत घ्यावी. मुलींचे संघ त्यांच्याच भरवशावर बाहेरगावी पाठवले गेले असतील तर ते काम त्यांच्या नावाने छापले गेले पाहिजे.

खेळाडू निवडतानाही यशस्वी झालेल्यांपाशी थांबू नये. कबड्डीच्या संघात बारा जण असतात, त्यांतले सात मैदानात उतरतात. बारांपैकी जे नोकरीला लागले, सैन्यात गेले, पोलीस खात्यात गेले ते आनंदाने बोलतील आणि सगळे जवळपास सारखेच बोलतील. तेराव्या मुलाला शोधावे, म्हणजे जो निवड चाचणीत शेवटच्या दिवशी गळाला. त्याला कसे सांगितले गेले, यादी फलकावर लावली की बाजूला बोलावून समजावले, पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलावले का, यावरून प्रशिक्षकाची पारख जितकी होते तितकी चषकांच्या कपाटावरून होत नाही. तेराव्याशी बोलल्याशिवाय लिहिलेले प्रशिक्षकाचे चरित्र मी अपुरे मानतो.

आपल्या भागात संघ मराठी मुलांचा, प्रतिस्पर्धी कन्नड आणि पंच आणखी कुठले, किंवा एकाच संघात दोन्ही भाषांची आणि उर्दू बोलणारी मुले, असे चित्र नेहमीचे आहे. जो खेळाडू कन्नडमध्ये मोकळेपणाने बोलतो त्याची मुलाखत कन्नडमध्येच ध्वनिमुद्रित करावी आणि मग मराठीत आणावी. मैदानावर सर कोणत्या वेळी कोणत्या भाषेत ओरडत असत हेही विचारावे. उत्तर छापले नाही तरी ऐकून ठेवावे.

प्रशिक्षकाच्या हाताखालून पुढे प्रशिक्षक झालेल्यांची वेगळी यादी करावी. अमेरिकेत ही वंशावळ फार काळजीपूर्वक मांडतात. रॉबिन्सन यांच्या संघातून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले असे सांगितले जाते, परंतु त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ मला अधिक दिसतो तो डग विल्यम्स यांच्यात. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद असताना ज्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात रॉबिन्सन यांनी संघ उभा केला, तिथेच शिकलेले विल्यम्स १९८८ च्या जानेवारीत सुपर बोल हा व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारे खेळाडू, ठरले आणि १९९८ मध्ये आपल्या गुरूच्याच जागी ग्रॅम्बलिंगचे प्रशिक्षक झाले. आपल्याकडे खानापूर किंवा चंदगडच्या एखाद्या माध्यमिक शाळेत खो-खोचा संघ घडवणारे शिक्षक कोणाच्या हाताखाली तयार झाले, हे शोधत गेले तर सरांच्या नावाने केवढे मैदान व्यापले आहे ते दिसते.

दंतकथा आणि डाग

प्रत्येक प्रशिक्षकाभोवती एक-दोन गोष्टी फिरत असतात. मध्यंतरात सरांनी एकच वाक्य उच्चारले आणि हरत आलेला सामना फिरला, अशी गोष्ट तर हमखास असते. रॉक्नी यांच्याबद्दल अशीच कथा जगप्रसिद्ध आहे. जॉर्ज गिप हा त्यांचा अव्वल खेळाडू १९२० च्या डिसेंबरमध्ये आजारपणात वारला, आणि आठ वर्षांनी आर्मी, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाविरुद्धच्या सामन्यात रॉक्नी यांनी संघाला सांगितले की मृत्युशय्येवर गिपने आपल्यासाठी एकदा जिंकण्याची विनंती केली होती. नोट्र डेमने तो सामना १२-६ असा जिंकला. पण गिपने तसे म्हटल्याचा साक्षीदार स्वतः रॉक्नी यांच्याशिवाय कोणी नाही, आणि अनेक अभ्यासकांना ती विनंती खरी वाटत नाही. अशी गोष्ट गाळू नये, कारण तिने संघावर काय परिणाम केला हाही इतिहास आहे. मात्र ती कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून सांगितली हे तिच्यासोबतच लिहावे. सामना खरोखर त्या गुणफरकाने संपला का, हे तक्त्यावरून पडताळावे.

कठोर शिस्तीच्या गोष्टी सांगतानाही जपावे लागते. १९५४ मध्ये ब्रायंट यांनी टेक्सासमधल्या जंक्शन नावाच्या गावी दुष्काळी उन्हात दहा दिवसांचे शिबिर घेतले, सरावात पाणी पिऊ दिले नाही, आणि पुष्कळ मुले रातोरात निघून गेली. त्या वर्षी संघ एक सामना जिंकला आणि नऊ हरला; १९५६ मध्ये तोच संघ अपराजित राहून आपल्या गटात पहिला आला. हे दोन आकडे शेजारी ठेवून शिबिराचे गुणगान करणे सोपे आहे, पण उन्हात पाणी नाकारल्याने जीव जाऊ शकतो हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते चरित्रात स्पष्ट लिहिले पाहिजे. याच्या उलट टोकाला मिनेसोटातील सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लिआर्डी होते. त्यांनी सरावात खेळाडूंना एकमेकांना पाडू दिले नाही, शिट्टी वापरली नाही, मुलांना आपल्याला नावाने हाक मारायला सांगितली, आणि २०१२ मध्ये थांबले तेव्हा त्यांचे विजय ४८९ होते, महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये कोणाहीपेक्षा जास्त. मारकुट्या शिस्तीशिवाय संघ घडत नाही असे कोणी मुलाखतीत ठासून सांगितले तर हे उदाहरण हाताशी असावे.

याहून गंभीर गोष्टीही समोर येऊ शकतात : निवडीत जातीचा किंवा भाषेचा पक्षपात, पैशांचा घोळ, मुलींशी गैरवर्तन. पेटर्नो यांच्या नावावर ४०९ विजय आहेत. त्यांच्याकडे दीर्घकाळ सहायक राहिलेल्या माणसाने मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाल्यावर २०११ मध्ये पेटर्नो यांना पदावरून दूर करण्यात आले, २०१२ मध्ये १११ विजय नोंदीतून रद्द झाले आणि २०१५ मध्ये ते परत दिले गेले. आकडे परत आले, तरी त्यांच्या चरित्रातून ते प्रकरण कोणालाही वगळता येत नाही. आपल्याकडे तक्रार करणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी भेटली तर तिचे म्हणणे पूर्ण ऐकावे, तिच्या संमतीशिवाय तिची ओळख कोठेही येऊ देऊ नये, कागदोपत्री आधार शोधावा आणि सरांना उत्तर देण्याची संधी द्यावी. प्रकरण गंभीर असेल आणि समितीला ते छापायचे नसेल, तर तो मजकूर गौरव अंक म्हणून काढण्याचे काम लेखकाने सोडून द्यावे. खोटे निर्दोषत्व छापण्यापेक्षा ते बरे.

मांडणी

लिहिताना पहिले प्रकरण जन्मापासून सुरू करण्याची गरज नाही. ज्या वर्षी संघ सर्वाधिक बदलला त्या वर्षापासून सुरुवात करून मागे जावे, आणि बालपण दोन-तीन पानांत आटोपावे. मधली वर्षे, म्हणजे ज्यांत काही जिंकले नाही ती, सर्वाधिक सविस्तर लिहावीत, कारण बहुतेक नोकरी त्याच वर्षांत गेलेली असते. निवृत्तीनंतरचे वर्षही कारकिर्दीत मोजावे. एमॉस अलोंझो स्टॅग यांना शिकागो विद्यापीठाने १९३२ मध्ये सत्तरीच्या वयात निवृत्त केले, आणि त्यानंतर त्यांनी कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये आणखी चौदा हंगाम प्रशिक्षण दिले. आपल्याकडेही निवृत्तीनंतर गल्लीतल्या मंडळाच्या मुलांना फुकट शिकवणारे सर पुष्कळ आहेत, आणि ते दिवस बहुधा कोणीच नोंदत नाही.

मसुदा तयार झाला की सरांना वाचायला द्यावा, परंतु त्यांना फक्त तथ्ये तपासण्याची विनंती करावी आणि मतांत बदल करण्याचे वचन देऊ नये. एक प्रत एखाद्या जुन्या प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना द्यावी. आपल्या संघाने जिंकलेला अंतिम सामना ज्यांच्या संघाने हरला त्यांना गुणफरक अचूक आठवतो. पूर्ण तक्ता पुस्तकाच्या शेवटी आधारांच्या रकान्यासह छापावा, आणि न भरलेल्या ओळींवर ‘माहिती हवी आहे’ असे लिहून संपर्कासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा पत्ता द्यावा. फोटो काढलेले कागद, ध्वनिमुद्रणे आणि तक्त्याची संगणकीय प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि सरांच्या घरी अशा तीन ठिकाणी ठेवावी. ज्या क्रीडा संचालकांनी त्यांच्या जागी पदभार घेतला आहे त्यांनाही कोरा तक्ता द्यावा आणि चालू वर्षाची पहिली ओळ त्यांच्याकडूनच भरून घ्यावी.